नऊ वचनांचं मौन

विभागात त्यांना प्रुफकाकू म्हणत. हे नाव त्यांनी स्वतः लावून घेतलेलं नव्हतं, पण नाकारलंही नव्हतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं वाचली होती आणि तो छापखाना धार्मिक पुस्तकांसाठी नावाजलेला होता. कुठल्या एका धर्माच्या नव्हे. जो येईल त्याच्या. सोमवारी एकाच्या प्रार्थना, मंगळवारी दुसऱ्याची प्रवचनं, बुधवारी तिसऱ्याने पहिल्या दोघांचं केलेलं खंडन. त्यामुळे देवाधर्माच्या बाबतीत काकूंचा अनुभव दांडगा होता. सगळ्यांच्या चुका त्यांनी लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या आणि त्याबद्दल कुणीही त्यांना शाप दिला नव्हता. एका जाडजूड प्रार्थनापुस्तकातून सोळा पानांचा आख्खा फर्मा बांधणीत गळाला होता, तोही त्यांनीच पकडला. नुसता अंगठा पानांच्या कडेवरून फिरवून. मालक त्यानंतर त्यांना खुर्ची द्यायला उठून उभे राहत.

एवढी पुस्तकं वाचून त्या धर्माकडे वळल्या नाहीत. वळल्या त्या थोरल्या बहिणीच्या मृत्यूनंतर, आणि तेही सरळ वाटेने नाही.

ताई गेली तेव्हा काकू त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. पंधरा दिवस घरी माणसांची रीघ. आलेला प्रत्येक जण काहीतरी बोलून गेला. "त्याच्या मनात असेल तसं." "चांगल्या माणसांना तो लवकर नेतो." "यामागे काहीतरी हेतू असणारच." काकू मान डोलावत राहिल्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की ही सगळी वाक्यं आपण आधी वाचलेली आहेत. काही तर आपणच दुरुस्त केलेली आहेत. एक शेजारीण मात्र आली, दीड तास समोरच्या खुर्चीवर बसली आणि काही न बोलता उठून गेली. एवढ्या गर्दीतून काकूंना पुढे तेवढीच आठवत राहिली.

मग त्यांनी आधी पत्रद्वारा एम.ए. केलं, छापखान्याचा राजीनामा दिला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं. नातेवाइकांनी विचारलं, "आता या वयात कशाला?" काकू म्हणाल्या, "आधी वेळ नव्हता."

विभागाच्या दारावर पाटी होती: ‘ईश्वरविद्या आणि धर्म-अभ्यास विभाग’. नवख्या माणसाला हे दोन्ही एकच वाटे. आतल्यांना तसं म्हणायची सोय नव्हती. ईश्वरविद्यावाले देवाविषयी बोलत. धर्म-अभ्यासवाले देवाविषयी बोलणाऱ्यांविषयी बोलत. पहिल्यांना वाटे, दुसरे नुसते काठावर बसून पोहणाऱ्यांची नोंद ठेवतात. दुसऱ्यांना वाटे, पहिले पाण्यात आहेत म्हणूनच त्यांना पाणी दिसत नाही. चहाचा थर्मास मात्र एकच होता. पाटीवरच्या ‘आणि’चं सगळं काम तोच करी.

काकूंच्या मार्गदर्शक बाईंना सगळे मॅडम म्हणत. बासष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. दोन्ही बाजूंचे लोक त्यांना सारखेच घाबरत, हाच त्यांच्या विद्वत्तेचा सर्वमान्य पुरावा होता. संशोधकांच्या दर गुरुवारच्या सेमिनारला त्यांनी एक चाल घालून दिली होती. बाहेरच्यांना ती चमत्कारिक वाटे. तिला विद्यार्थी ‘परकाया’ म्हणत.

चाल अशी. ज्याचं प्रकरण चर्चेला असेल, त्याने सेमिनारमध्ये बोलायचं नाही. आठवडाभर आधी चिठ्ठी काढून दुसऱ्या एका संशोधकाला ते प्रकरण द्यायचं आणि त्याने ते स्वतःचं असल्यासारखं मांडायचं. ‘काकूंच्या मते’ नाही, ‘माझ्या मते’. त्या आठवड्यात दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. मांडताना खाकरायचं नाही, हसायचं नाही, पटलेलं नसलं तरी पटल्यासारखं भांडायचं. शेवटी मॅडम मूळ लेखकाकडे वळून विचारणार, "हे तुमचंच का?" त्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. ‘हो’ आलं की मगच प्रश्नांचे घाव सुरू. मॅडमचं म्हणणं, माणसाचं म्हणणं आधी त्याच्याहून चांगलं मांडता आलं पाहिजे, मगच ते खोडायचा अधिकार. एकोणीस वर्षांत ‘नाही’ तीनदाच आलं होतं आणि तिन्ही वेळा मांडणाऱ्याने घोळ घातला होता.

काकूंच्या पाचव्या प्रकरणाची चिठ्ठी, विभाग ज्याला शंकेखोर म्हणे, त्याच्या नावाने निघाली. हा एकोणतीस वर्षांचा तरुण आधी लिफ्टची तपासणी करायचा. इमारतीत शिरला की पहिल्यांदा छताकडे बघायची सवय त्याला तिथलीच. विभागात तो येईल त्या विधानाला दोरखंड तपासल्यासारखा ओढून बघे. चिठ्ठीवरचं नाव वाचून काकू धास्तावल्या होत्या. प्रकरण कच्चं होतं म्हणून नव्हे. ते त्यांच्या प्रबंधाचं काळीज होतं म्हणून.

एक जुना ग्रंथ. त्यातल्या एका अध्यायाला सगळे तक्रारीचा अध्याय म्हणतात. एकशेचाळीस वचनं. एक माळी. त्याची बायको, मुलं, बाग, सगळं एका वर्षात जातं. तो देवासमोर उभा राहून जाब विचारतो. सगळ्यांत बोचरा भाग ब्याऐंशी ते नव्वद या वचनांचा. ‘माझंच का? तू पाहत होतास का? पाहत होतास तर हात कुठे होते?’ पुढच्या शतकांत या अध्यायावर पाच जणांनी भाष्य लिहिलं आणि चौघांनी या नऊ वचनांवर पानंच्या पानं भरली. माळ्याच्या मागच्या पिढीचं पाप, देवाची परीक्षा, दुःखाचा उपयोग. पाचवा भाष्यकार कमी वाचला गेलेला. त्याच्या भाष्याचं एकच हस्तलिखित उरलेलं, तेही दिवसभराच्या प्रवासावरच्या एका ग्रंथालयात. ग्रंथालयाने त्याची छायाचित्रं सगळ्यांना संगणकावर खुली करून दिली होती. काकूंनी ती आठ वर्षं वाचली. हा पाचवा इतका चोख माणूस, की वचनात झारी आली तरी ती मातीची की तांब्याची हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. आणि तो एक्क्याऐंशीव्या वचनावर पान संपवतो आणि पुढच्या पानावर एक्क्याण्णवावं सुरू करतो. मधल्या नऊ वचनांवर अक्षर नाही.

काकूंनी पाचव्या प्रकरणात लिहिलं होतं: हे विसरणं नाही. हे मौन आहे. जो झारीवर बोलतो, तो दुःखावर बोलायचं नाकारतो, कारण तिथे दिलेलं कुठलंही उत्तर हा दुःखाचा अपमान ठरला असता.

हे वाचून मॅडमनी पहिल्यांदाच समासात काही न लिहिता कागद परत केले होते. नंतर स्वतःच्या लेखांत त्याचा हवालाही दिला होता. त्याहून मोठं प्रमाणपत्र विभागात नव्हतं.

बुधवारी दुपारी चारच्या सुमारास काकू संशोधकांच्या खोलीत बसल्या होत्या. प्रबंधाच्या शेवटी लावायला त्यांनी ग्रंथालयाकडे त्या एक्क्याऐंशीव्या वचनाच्या पानाचं एक चांगलं, मोठं छायाचित्र मागितलं होतं. त्याचं उत्तर आलं. ग्रंथालयाच्या दुरुस्ती कक्षातल्या कुणा बाईंनी लिहिलं होतं:

‘मागितलेलं छायाचित्र जोडलं आहे. काम करताना लक्षात आलं, की हे पान आणि त्यापुढचं पान एकमेकांना पाठीपोटी चिकटलेली होती. जुन्या दुरुस्तीतली खळ असावी. वाफ देऊन सोडवली. आतल्या दोन्ही बाजू सुस्थितीत आहेत. त्यांचीही छायाचित्रं पाठवते. उपयोगी पडली तर पाहावीत.’

काकूंनी ती उघडली. दोन भरगच्च पानं. तोच हात, तीच शाई. पहिल्याच ओळीत ब्याऐंशीवं वचन.

खोलीत कुणीतरी पंखा वाढवायला सांगत होतं. काकूंना ते ऐकू येत होतं, फक्त ते कुठल्यातरी दुसऱ्या इमारतीत चाललंय असं वाटत होतं. पानांचे आकडे असलेले कोपरे कसरीने केव्हाच खाल्ले होते आणि छायाचित्रांना कॅमेऱ्याने आपले क्रमांक दिले होते, एकामागून एक, बिनचूक. पडद्यावर जाडी दिसत नाही. ते हस्तलिखित एकदा जरी हातात घेतलं असतं तरी दोन पानांचं झालेलं एक पान अंगठ्याला कळलं असतं. जिने सोळा पानं गळालेली पकडली, तिने दोन न दिसलेल्या बाजूंवर तत्त्वज्ञान उभं केलं होतं.

मग त्यांनी वाचायला घेतलं, कारण भाष्यकार काय म्हणतो हे पाहणं भाग होतं. ब्याऐंशीव्या वचनात माळी वाळलेल्या फांदीचा दाखला देतो. भाष्यकार ती फांदी कुठल्या झाडाची असेल याची चर्चा पाऊण पानभर करतो. चौऱ्याऐंशीव्यात विहीर येते. विहिरीचे चार प्रकार. शहाऐंशीवं वचन म्हणजे ‘माझंच का?’ त्यावर चौघांनी डोकी फोडली होती आणि काकूंनी आठ वर्षं घालवली होती. त्यावर भाष्यकाराने लिहिलं होतं: ‘अर्थ स्पष्ट आहे.’ पुढच्या वचनावर: ‘हेही तसंच.’

संध्याकाळी घरी नवरा चष्म्याच्या काड्या घेऊन बसला होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि बारीक दुरुस्त्या तो घरी आणत असे.

"काय गं, चेहरा का असा?"

"भाष्यकार बोलला."

"कोण?"

"माझा. आठ वर्षं गप्प होता तो."

"मग चांगलंच झालं की. काय म्हणाला?"

"अर्थ स्पष्ट आहे म्हणाला."

नवऱ्याने काडी उजेडात धरली. "तुमच्यात याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक असं म्हणालं की आम्ही चष्मा देऊन मोकळे होतो."

काकूंनी सगळं सांगितलं. मुदत या महिनाअखेरीस संपतेय. तीनदा वाढवून झालीय, चौथ्यांदा कुणाला वाढवून दिल्याचं ऐकिवात नाही. उद्याचा सेमिनार शेवटचा, बाहेरचे परीक्षकही येणार, तिथल्या तिथे फॉर्मवर सही होणार. उद्या पाचवं प्रकरण पडलं की आठ वर्षं पाण्यात. आणि प्रकरण आधीच सगळ्यांना वाटलेलं, आता त्यात शब्दही बदलता येत नाही.

"मॅडमना फोन कर."

"सेमिनारच्या आदल्या दिवशी त्या फोन बंद ठेवतात. कुणी रडून मत फिरवू नये म्हणून."

"आणि तो लिफ्टवाला?"

"त्याच्याशी बोलायचं नसतं."

"मग उद्या काही बोलूच नकोस. कोण जातंय ती पानं बघायला?"

"अहो, तसं कसं?"

"मग सांगून टाक."

"तसं तरी कसं?"

नवऱ्याने काडीतला स्क्रू घट्ट केला. "तू एक काम कर. भाजी चिर."

काकूंनी भाजी चिरली. चिरताना त्यांनी एक सुंदर तळटीप रचली: ‘अलीकडेच या हस्तलिखिताची आणखी दोन पानं उजेडात आली असून त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.’ यात एकही शब्द खोटा नव्हता. छापखान्यात असताना अशा तळटीपा त्यांनी शेकड्याने वाचल्या होत्या आणि दर वेळी त्यांना वाटलं होतं, इथे कुणीतरी काहीतरी झाकतंय.

सकाळी साडेपाचला उठून त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि प्रबंध पहिल्या पानापासून तपासायला बसल्या. कशासाठी, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. हाताला काम हवं होतं.

तीन वाजता सेमिनारच्या खोलीत अकरा माणसं होती. लांब टेबल, त्यावर कुणीतरी पूर्वी कंपासच्या टोकाने कोरलेलं वर्तुळ, खिडकीबाहेर सायकली. बाहेरचे परीक्षक म्हणजे एक उंच, किडकिडीत गृहस्थ. त्यांनी समोर तीन पेन्सिली एका रेषेत लावून ठेवल्या होत्या. विभागाचे कारकून फॉर्म घेऊन दाराशी. मॅडम मध्यभागी. काकूंच्या पिशवीत दोन पानांच्या प्रती होत्या आणि पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती, रेल्वेत धरतात तशी.

शंकेखोर उभा राहिला. छताकडे एकदा बघून घेतलं आणि सुरू झाला.

"मी आज एका माणसाच्या गप्प राहण्याविषयी बोलणार आहे. हा माणूस कुठेही गप्प राहत नाही, म्हणूनच."

काकूंना वाटलं होतं, तो मांडेल, नियमापुरतं. तो मांडत नव्हता; तो बांधत होता. झारीपासून सुरुवात केली. हा माणूस झारीवर किती बोलतो, दोरावर किती, कुंपणावर किती, हे त्याने मोजून आणलं होतं. मग चौघांची उत्तरं, एकेक, कुणाचीही टिंगल न करता. आणि मग तो ब्याऐंशीव्या वचनाशी येऊन थांबला. खरंच थांबला. पाच-सहा सेकंद काहीच बोलला नाही.

"इथे मीही थांबतो," तो म्हणाला. "कारण इथे दिलेलं कुठलंही उत्तर हा दुःखाचा अपमान ठरला असता."

परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली. आपलं वाक्य इतकं चांगलं आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. आणि ते ज्याच्या तोंडी घातलंय, त्याने ते कधीच म्हटलेलं नाही, हे या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं. तीस सेकंदांत काम होणार होतं. एक शब्द. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तो आधीच उमटलेला होता. काकूंनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "हे तुमचंच का?"

काकूंनी तोंड उघडलं. तळटीप जिभेवर तयार होती.

"नाही," त्या म्हणाल्या.

शंकेखोराचा चेहरा पडला. "काकू, कुठे चुकलो?"

"तू कुठेच चुकला नाहीस."

"एक शब्द, बाई," मॅडम म्हणाल्या. "नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. पण एका शब्दात बसत नाही."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या पिशवीकडे. "बरं. नियम मी केलाय, मीच बाजूला ठेवते. बोला."

काकूंनी दोन प्रती टेबलावर ठेवल्या आणि दुरुस्ती कक्षातल्या बाईंचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज शेवटपर्यंत टिकला. परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरले आणि बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. काकूंना आधी वाटलं, त्यांना ठसका लागलाय.

"‘हेही तसंच’," परीक्षक कसंबसं म्हणाले आणि कागद मॅडमकडे सरकवला.

मॅडमनी वाचलं. त्या हसल्या नाहीत. "मी दोन लेखांत तुमचा हवाला दिलाय," त्या म्हणाल्या.

"तीन, मॅडम," शंकेखोर म्हणाला. "एका ठिकाणी टिपेत आहे."

"धन्यवाद," मॅडम म्हणाल्या. आणि मग हसल्या, अशा, की दाराशी उभे असलेले कारकून आत डोकावले. "म्हणजे ‘नाही’ आता मलाही म्हणायला हवं. तीन ठिकाणी. काय हो, कधी कळलं तुम्हाला हे?"

"काल चार वाजता."

"आणि तुम्ही हे सगळं ऐकत इथे बसून राहिलात? पंचेचाळीस मिनिटं?"

"बोलायचं नसतं ना," काकू म्हणाल्या.

मग कारकुनांनी फॉर्म पुढे आणला आणि खोली गंभीर झाली. फॉर्मवर तीन चौकोन होते: सादर करण्यास योग्य, दुरुस्तीसह योग्य, अयोग्य. पहिला गेलाच होता. दुसऱ्यावर खूण झाली तर दुरुस्तीसाठी आणखी सहा महिने मिळत. पण दुरुस्ती म्हणजे काना-मात्रा, सनावळ्या, संदर्भसूची. काळीज काढून टाकणं हे कुठल्याच नियमात दुरुस्ती म्हणून बसत नव्हतं.

परीक्षकांनी पेन्सिल उचलली. "मला एकच सांगा. बाकीचा प्रबंध या मौनावर किती टेकलाय? अंदाजे."

काकूंनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. "मौन हा शब्द चारशे बारा वेळा आलाय. त्यातले तीनशे सदतीस पाचव्या प्रकरणात. उरले पंच्याहत्तर. त्यातले एकसष्ट इतर चौघांबद्दल आहेत. ते कुठे आखडतं घेतात, त्याविषयी. ते सगळे शाबूत. या भाष्यकारावर टेकलेल्या जागा चौदा. पानं इथे लिहिलीत, ओळींसकट."

परीक्षकांनी कागद जवळ ओढला.

"हे कधी केलंत?"

"सकाळी. साडेपाच ते अकरा."

परीक्षकांनी कागद उलटसुलट करून बघितला. काकूंना छापखान्याच्या मालकांची आठवण झाली. तेही असंच बघत. "चौदा जागा म्हणजे दुरुस्तीच," ते म्हणाले. "आणि पाचवं प्रकरण काढा. त्या जागी ही दोन पानं छापा, अर्थ द्या, टिपा द्या. झाडावर, विहिरीवर. ही पानं कित्येक पिढ्यांत कुणी वाचलेली नाहीत. खरं सांगायचं तर तुमच्या मौनापेक्षा हे जास्त संशोधन आहे."

त्यांनी मधल्या चौकोनात खूण केली. काकूंचा जीव भांड्यात पडला. तो पडतानाचा आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला असेल असं त्यांना वाटलं. दुपारपासून मुठीत आवळलेल्या पिशवीच्या बंदाने तळहातावर लाल वळ उठला होता. तो त्यांना आत्ता दिसला.

"एक मिनिट," शंकेखोर म्हणाला. तो अजून उभाच होता. "आणि ते वाक्य? अपमानाचं?"

"ते गेलं," काकू म्हणाल्या. "भाष्यकार तसं म्हणतच नाही."

"ते मला माहितेय. मी आठवडाभर त्याला पुरावा शोधत होतो. एक सापडला नाही."

"मग इतकं जीव तोडून मांडलंस कशाला?"

"नियम आहे." तो जरा घुटमळला. "आणि म्हणणं पटलं होतं. पुरावा पटला नव्हता. लिफ्टमध्ये नेहमी उलटं असतं, कागद सगळे बरोबर आणि चढायची हिंमत होत नाही. काकू, गप्प तो नव्हता राहिला. गप्प राहावं असं तुम्हाला वाटतंय. मग तसं लिहा की."

"संशोधन-प्रबंधात ‘मला वाटतं’?" टेबलाच्या धर्म-अभ्यासाच्या बाजूने कुणीतरी म्हणालं. "ती ईश्वरविद्या झाली."

"पाटीवर दोन्ही शब्द आहेत," मॅडम म्हणाल्या. "रंगवून घेताना मी स्वतः उभी होते." मग काकूंकडे वळल्या. "अहो बाई, आठ वर्षं तुम्ही हे त्या बिचाऱ्याच्या नावावर खपवत होतात. त्याला बिचाऱ्याला झाडं आवडायची. शेवटी दोन पानं लिहा. स्वतःच्या नावाने. मी समासात लिहिणार, हे लक्षात ठेवा."

कारकुनांनी फॉर्मवर शिक्का मारला आणि थर्मास आत आणला. मंडळी उठली, खुर्च्या सरकल्या, दोन्ही बाजूंचे लोक एकाच नळाखाली कप धरून विहिरीच्या चार प्रकारांवर हुज्जत घालू लागले. कुणाला चौथा प्रकार मान्य नव्हता.

काकूंनी व्हरांड्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"सहा महिने दिले."

"शिक्षा म्हणून?"

"नाही हो. दुरुस्तीला." काकूंना एकदम हसू आलं आणि आवरेना, त्यांनी भिंतीला टेकून ते होऊ दिलं. पलीकडून नवरा "अगं, काय झालं?" म्हणत राहिला. मग तोही हसायला लागला, कशाला ते न कळता.

फोन ठेवला तेव्हा शंकेखोर कप घेऊन बाजूला उभा होता. "काकू, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"पुढच्या महिन्यात बहिणीकडे जातोय. ते ग्रंथालय तिच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. म्हटलं, हस्तलिखित बघून यावं. मूळ."

गेली आठ वर्षं त्या ग्रंथालयाचं नाव कुणी काढलं की काकू विषय बदलत. तिथे उजेड फार कमी असतो, म्हणत. परवानगीला चार-चार महिने लागतात, म्हणत. आपण असं का करतो, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की ते मौन कुणी जवळून बघू नये असं त्यांना आतून वाटत होतं आणि स्वतःही त्या कधी गेल्या नव्हत्या.

"जा की," त्या म्हणाल्या. "उजेड भरपूर असतो म्हणे तिथे."

आणि मग विचार करून म्हणाल्या, "किती तारखेला निघतोयस? मीही येते."